जीन्समधली नात आणि बाराव्याची साडी

काकू, नमस्कार.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो, मूळ गाव खानापूर तालुक्यात. गेल्या आठवड्यात माझे सासरे गेले. वय झालं होतं, तरी अचानकच गेले म्हणायचं. मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. फोन गेला तेव्हा ती ऑफिसात होती. मिळाली ती बस धरून पहाटे बेळगावात उतरली आणि तशीच गावी आली. अंगात जीन्स आणि टी-शर्ट. आजोबांच्या पायाशी बसून रडत होती, तेवढ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गे, मातीला आलीस काय सहलीला?" पोरगी तेव्हा गप्प बसली. पण आता म्हणते, बाराव्याला मी येणार नाही. पुतण्या काळा शर्ट आणि गॉगल घालून आला होता. त्याला भावकीतले एक आजोबा एवढंच म्हणाले, "आज एक नोव्हेंबर हाय काय रे?" सगळे गालात हसले, विषय संपला.

मयताला नेमकं काय घालायचं असतं? पांढरंच पाहिजे का? बाराव्याला मुलीला काय सांगू? आणखी एक. त्या दिवशी रीतीप्रमाणे सासूबाईंच्या बांगड्या फोडल्या. आता बाराव्याला त्यांच्या माहेरची साडी येणार. मामेसासरे विचारत होते, कोणत्या रंगाची आणू. जाऊबाई म्हणतात, पांढऱ्यातलीच काहीतरी फिकी आणायला सांग. ह्यांच्या ऑफिसात लिंगायत, ख्रिश्चन, मुसलमान सगळे आहेत. त्यांच्याकडं असा प्रसंग आला की आम्ही गोंधळतो. जमलं तर तेही लिहा.

एक सून, वडगाव

सूनबाई,

तुमच्या मुलीचं काही चुकलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं थोडं जाऊबाईंच्या बाजूनंही लिहिणार आहे आणि तेवढंच कुणी कापून घरच्या ग्रुपवर टाकायला नको.

मातीला माणूस निघून जातो, तयार होऊन जात नाही. खबर आली की हातातलं टाकायचं आणि वाट धरायची, ही आपल्या भागातली जुनी रीत. शेतातनं येणारा गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचा. तुमच्या वडगावातला विणकर धोटा मागावर तसाच ठेवून उठायचा, डोक्यात सुताची तुसं घेऊनच. बायका घरात नेसलेल्या लुगड्यावर बसमध्ये चढायच्या, पदराला चुलीचा वास. कुणाच्या कापडाकडं बघायला कुणाला सवड नसे, कारण उशीर झाला तर तोंड बघायला मिळत नाही आणि ती रुखरुख मग कायमची राहते. बेंगळुरूहून बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर. पोरगी खोलीवर जाऊन साडी-ड्रेस शोधत बसली असती तर ती बस गेली असती. आजोबांच्या पायाशी बसायला ती पोचली ती त्या जीन्समुळंच, असं म्हणा हवं तर.

आता पांढऱ्याचं. पांढरं ही आपली फार जुनी चाल आहे असं सगळे ठासून सांगतात. जरा आठवून बघा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्या भागातल्या पुरुषांचा पांढरा रंग रोजचा होता. धोतर पांढरं, नेहरू शर्ट पांढरा, टोपी पांढरी. त्याच कापडात ते शनिवारच्या बाजारला जायचे, कोर्टात तारखेला जायचे, लग्नाच्या पंगतीला बसायचे आणि मातीलाही जायचे. मग पँट आली, चौकड्यांचे शर्ट आले. पांढरं रोजच्या अंगावरनं उतरलं ते म्हातारे आणि पुढारी यांच्यापुरतं उरलं. आणि एखाद्या प्रसंगापुरतंच कपाटातनं निघणारं कापड त्या प्रसंगाचंच वाटायला लागतं.

बायकांचं तर आणखी निराळं. सीमाभागातल्या खेड्यात बाईच्या ट्रंकेत असायचं इरकल. डाळिंबी, मोरपंखी, काळपट हिरवं, त्याला लाल टोप-पदर, आणि अंगात गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. सवाष्णीच्या ट्रंकेत पांढरं लुगडं असेल कशाला? ती मातीला जायची ती त्याच इरकलात. फक्त पदर कपाळापर्यंत ओढलेला असायचा. वैधव्याचा रंगसुद्धा घरोघर एक नव्हता. ब्राह्मणांच्या घरात केशवपन केलेल्या बाईला आलवण नेसवत, ते लाल असायचं. म्हणजे 'आपल्यात पांढरंच' हे म्हणताना 'आपल्यात' म्हणजे कुणात, हे विचारावं लागतं.

मग हे आलं कुठनं? माझं मत विचाराल तर बरंचसं टीव्हीवरनं. मुंबईच्या सिनेमावाल्यांच्या घरची मयतं घराघरांत दिसायला लागली. कडक इस्त्रीचे कुर्ते, पांढरे चिकनचे ड्रेस, मोठाले गॉगल. मालिकांत तर माणूस जातो न जातो तोच आख्खं घर पांढऱ्या कपड्यांत, इस्त्रीसकट. (हे कपडे यांनी आधीच शिवून ठेवलेले असतात का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.) ते बघून बघून आता बेळगावच्या टिळकवाडीतही लोक मयताला म्हणून एक पांढरा ड्रेस बाजूला ठेवतात. ठेवेनात का. वाईट काही नाही त्यात. फक्त ती पूर्वजांची आज्ञा आहे असं सांगून कुणाच्या पोरीला रडवू नये.

पुतण्याच्या काळ्या शर्टाचंही तेच. काळा शोकाचा, ही चाल युरोपातली. नवरा १८६१ साली गेला तेव्हापासून व्हिक्टोरिया राणी काळ्यात राहिली ती १९०१ साली स्वतः जाईपर्यंत, आणि तिचं बघून बाकीच्यांनी ती चाल आणखी घट्ट केली. बेळगावात मात्र मराठी माणसाला काळा शर्ट दिसला की आठवतो १ नोव्हेंबर. १९५६ साली त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि इथला मराठी माणूस तो दिवस काळा दिन म्हणून पाळायला लागला. काळे कपडे, दंडाला काळी फीत, सायकल फेरी. तेव्हा भावकीतल्या आजोबांचा टोला अगदी बेळगावी होता, मला तर हसूच आलं. आणि हेच काळं संक्रांतीला चंद्रकळा म्हणून आपण हौसेनं नेसतो, नव्या सुनेला मुद्दाम घेतो. एकट्या रंगावरनं काही ठरत नाही.

मग जुन्या काळी नियम नव्हतेच का? होते की. पण ते वेगळ्याच गोष्टींचे होते. मातीहून आलं की दारातच पाणी, मग अंघोळ, आणि अंगावरचं सगळं भिजत घालायचं. म्हणून जे धुता येतं तेच घालून जायचं. रेशीम नाही, जर नाही, कोरं कापड नाही. केसांत गजरा नाही. ज्यानं मडकं धरायचं त्याच्या अंगावर धोतर किंवा पंचा, पाय अनवाणी, अंग उघडं. आणि डोक्याचा नियम मोठा होता. बाईचं डोकं झाकलेलं आणि सुतकातल्या पुरुषाचं बोडकं. एरवी ज्याच्या डोक्यावरची टोपी झोपतानाच काय ती उतरायची, तो दहा-बारा दिवस उघड्या डोक्यानं वावरायचा. गावातला कुणीही लांबनं बघून ओळखायचा, ह्यांच्यात कुणीतरी गेलंय. मग पाव्हण्यांनी टॉवेल-टोपी आणायची, बाईला लुगडं आणायचं, आणि दुखवटा काढायचा. म्हणजे कुणी आणलेलं नवं कापड अंगावर पडलं की दुःखाचे दिवस सरले, आता उठा, कामाला लागा. आज निम्म्या पुरुषांच्या डोक्यावर एरवीही टोपी नसते, पण बाराव्याला टॉवेल-टोपीची थप्पी मात्र लागतेच. नंतर ती कुठल्या कपाटात जाते, देव जाणे.

मातीच्या दिवसाचं माझं उत्तर सरळ आहे. सुती, साधं, मळलं तरी चालेल असं. त्यात तास-दोन तास जमिनीवर मांडी घालून बसता यावं, ओणवं होऊन पायांवर डोकं ठेवता यावं, रडणाऱ्या म्हातारीला कवेत घेता यावं. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात मातीला जाणं म्हणजे वरनं धार आणि खाली तांबडा चिखल. तिथं पांढऱ्या चिकनच्या ड्रेसमध्ये शहरातनं आलेल्या बायका मी बघितल्यात. अर्धा वेळ त्यांचं लक्ष सलवारीच्या कडेकडं. त्यापेक्षा जीन्स परवडली, दुमडता तरी येते. चप्पल पटकन काढता-घालता येईल अशी हवी. दारात पन्नास जोड पडलेले असतात, तिथं बुटाच्या नाड्या सोडत बसणाऱ्याच्या मागं रांग लागते.

आता मुलीही स्मशानात जातात, काही घरांत अग्नीही देतात. तुमच्याकडं पुढं कधी तसं ठरलं तर एक लक्षात ठेवा. चितेजवळ सिंथेटिक ओढणी किंवा साडी नको. ठिणगी पडली की ते कापड वितळून अंगाला चिकटतं. सुती घाला आणि पदर, ओढणी घट्ट खोचा. हे कुणी सांगत नाही, सगळे रंगावरच बोलत बसतात.

आता जाऊबाईंची बाजू.

मुलीच्या टी-शर्टवर काय लिहिलं होतं, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. काहीतरी लिहिलेलं असणार, आजकाल कोरा टी-शर्ट मिळतो कुठं. छातीवर मोठ्या अक्षरांत पार्टीचं, दारूचं, नाहीतर कसलं तरी चावट इंग्रजी असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते खुपणार. इंग्रजी वाचता येत नसलं तरी खुपणार, कारण शेजारच्या कॉलेजातल्या पोराला ते वाचता येतं आणि तो हसतो. माझा निकष एवढाच, की मयताच्या दारात लोकांची नजर गेलेल्या माणसाकडनं आपल्याकडं वळू नये. जीन्सनं ती वळत नाही, आता खानापूरच्या आडगावांतही पोरी जीन्स घालतात. वळते ती चकाकणाऱ्या खड्यांनी, अत्तराच्या भपक्यानं, उघड्या पाठीनं, मोबाईल वर धरून चाललेल्या शूटिंगनं. गॉगलचं म्हणाल तर रडून डोळे सुजले असतील किंवा ऊन असेल तर घालावा, समोरच्याशी बोलताना काढावा. आणि सगळ्यात जास्त मला खटकतो तो गळ्यातला शेला. पक्षाचा असो, संघटनेचा असो, कुठल्याही रंगाचा असो. मयताच्या अंगणात शिरताना तो घडी करून गाडीत ठेवावा. तुमच्या मुलीच्या जीन्सवर बोलणाऱ्यांनी ह्या शेल्यांवर कधी तोंड उघडलंय का, मला शंका आहे.

अपवाद आहेत, ते मानाचे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात, आणि भोवतालच्या गावांत फौजेतली घरं पुष्कळ. जुन्या सैनिकाच्या मातीला त्याचे सोबती बॅरे टोपी घालून, पदकं लावून येतात. तिथं नजर वळलीच पाहिजे, ते त्याच्यासाठीच घातलेलं असतं. माळकऱ्याच्या मयताला टाळ-मृदंग घेऊन वारकरी पांढऱ्या वेषात येतात, कपाळाला बुक्का, तेही तसंच. कंडक्टर ड्युटीवरनं खाकीत आला, पोरं शाळेच्या गणवेषात आली, तर त्यांना कुणी काही म्हणत नाही. मग ऑफिसातनं उठून आलेल्या पोरीलाच का म्हणायचं?

ह्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पुतण्याला थट्टा मिळाली आणि मुलीला टोमणा. दोघंही परगावाहून आले, दोघांचेही कपडे 'चालीबाहेरचे'. पण पोराच्या कपड्याला लोक हसतात आणि पोरीच्या कपड्यावरनं आईचं वळण काढतात. जाऊबाई बोलल्या पोरीला, पण ऐकवलं तुम्हाला. तुम्हीही ते ओळखलं असणार. त्या वेळी तुम्ही काय बोललात ते पत्रात नाही. काही बोलला नसाल, असं धरून चालते. सासऱ्यांचा देह समोर असताना दुसरं काय करणार. पण तुमची मुलगी बाराव्याला येत नाही म्हणते, त्यात जाऊबाईंच्या बोलण्याइतकंच तुमचं गप्प राहणंही तिला लागलं असेल. तेव्हा तिला 'मोठ्यांचं मनावर घेऊ नये' हे ऐकवू नका. त्याऐवजी सांगा, मी अक्कांशी बोलते. आणि खरंच बोला, बाराव्याच्या आधी, त्या एकट्या असताना, भाकऱ्या थापताना किंवा भांडी विसळताना. "अक्का, पोरगी रात्रभर बसमध्ये जागी होती, तिला आधी पाणी विचारायला पाहिजे होतं" एवढं पुरे. माफी मागायला लावू नका. आपल्या घरांत थोरली जाऊ माफी मागत नाही. ती दुसऱ्या दिवशी पोरीच्या ताटात एक पोळी जास्त वाढते.

एक गंमत मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. गोल साडी आली तेव्हा नऊवारीवाल्यांनी नाकं मुरडली. पंजाबी ड्रेस आला तेव्हा गोल साडीवाल्यांनी मुरडली. आणि आज खेड्यात निम्म्या बायका गाऊनवर टॉवेल टाकून मयताच्या दारात बसलेल्या असतात. तुमच्या जाऊबाई त्या दिवशी काय घालून बसल्या होत्या, हे मला विचारायचं होतं. राहू दे.

तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन तुमच्याकडं होऊन गेलं असेल, पण विचारणारे पुष्कळ असतात म्हणून सांगते. ते असतं सकाळी आठ-साडेआठला. लोक तिथनंच कामावर जातात, त्यामुळं इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हे आता सगळीकडं दिसतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त कावळा शिवायची वाट बघताना घड्याळाकडं बघू नये.

बाराव्याचं गणित उलटं. बारा दिवस मिळालेले असतात, कपाट उघडायला वेळ असतो. तेव्हा तिथं कपड्याचा विचार करून यावं, असं मलाही वाटतं. गंमत अशी की नेमकं तिथंच लोक सैल सुटलेत. मातीला पांढरंशुभ्र घालून आलेली माणसं बाराव्याला जरीकाठात, मेकअप करून, मंडपात खुर्च्यांवर हसत-खिदळत. केटरर, पाण्याच्या बाटल्या, आईस्क्रीमसुद्धा बघितलं मी एका ठिकाणी. तुमच्या मुलीला सांगा, साधा कुर्ता-सलवार आणि ओढणी, रंग तिला आवडेल तो, फक्त भडक नको. साडी नेसायची तिला हौस असेल तर नेसू दे, जाऊबाईंना दाखवायला म्हणून नको. नैवेद्य वाढायला, पंगतीत वाकायला ज्यात सोपं पडतं ते घालू दे. आणि पुढच्यासाठी तिच्या ऑफिसच्या ड्रॉवरात एक मोठी साधी सुती ओढणी पडून राहू दे. जीन्सवर ती अंगभर घेतली की खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही दारात शिरता येतं.

तुमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांचं थोडक्यात सांगते. लिंगायतांत बहुतेक ठिकाणी दहन नसतं. देह बसवून, फुलांनी सजवून नेतात, भजन चालू असतं, आणि समाधी देतात. कपडे स्वच्छ आणि साधे, रंगाचा आग्रह नाही. कपाळाला विभूती लावायला कुणी पुढं आलं तर लावून घ्या. त्यांच्या शरणांच्या, म्हणजे संतांच्या, शिकवणीत मरणाचं सुतक मानलेलं नाही. त्यामुळं आपल्या सवयीनं त्यांच्या दारात उभं राहून "आता घरी जाऊन अंघोळ करायला पाहिजे" असं मोठ्यानं बोलू नये. घरी गेल्यावर काय करायचं ते करा. चिकोडी-निपाणीकडं जैनांची घरं पुष्कळ. तिथं पांढरं किंवा फिकं घालून गेलात की झालं. कुणी सल्लेखना घेऊन, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून, गेलं असेल तर तिथं रडारडीपेक्षा जयजयकार ऐकू येईल, दचकू नका. मुसलमानांच्या जनाज्याला पुरुषांनी डोक्याला रुमाल किंवा टोपी घ्यावी, कपडे अंगभर असावेत. बायका बहुधा घरीच भेटून येतात, कब्रस्तानात जात नाहीत, तुम्हीही डोक्यावरून पदर घेऊन घरीच भेटा. ख्रिश्चनांच्या चर्चमध्ये उलटं, पुरुषांनी टोपी काढायची. काळं, पांढरं किंवा गडद साधं काहीही चालतं, खांदे झाकलेले असावेत. तिथं बाकांवर बसायचं असतं, त्यामुळं साडी, पँट कशाचीच अडचण नाही. पुतण्याचा तो काळा शर्ट तिथं अगदी शोभेल.

आता साडी. खरं तर तुमच्या पत्रातला मोठा प्रश्न हाच आहे आणि तुम्ही तो जाता जाता विचारलात.

सगळ्या अंगणाचे डोळे नातीच्या जीन्सवर होते त्याच दिवशी तिच्या आजीच्या बांगड्या फोडल्या. जन्मभर हिरव्या बांगड्या घातलेले ते हात. त्यावर कुणी 'हे कशाला' म्हणालं नाही. म्हणजे कपड्यालत्त्याच्या जुन्या चालीबद्दल बोलायचं धाडस आपल्याला चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरीसमोर होतं आणि जिथं बोलायला पाहिजे तिथं होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आपल्या चिकोडी-निपाणीपासून फार लांब नाही. तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. आपण कर्नाटकात, ते परिपत्रक आपल्याला लागू नाही. पण बांगड्या फोडायलाच पाहिजेत असं सांगणारा कायदा इकडंही नाही. आणि सोयरिकी तर सगळ्या तिकडच्याच आहेत.

फोडलेल्या बांगड्या परत जोडता येत नाहीत, नव्या भरता येतात. साडीचं तर अजून काहीच ठरलेलं नाही. माहेरची ती साडी दुखवटा काढायला येते. सुतक संपलं, आता अंगावर नवं कापड घे, असं भावानं बहिणीला सांगायचं असतं. त्यासाठीच पांढरी-फिकी आणायची म्हणजे एका हातानं दुखवटा काढायचा आणि दुसऱ्या हातानं जन्मभरासाठी नेसवायचा. जाऊबाईंना हे मुद्दाम दुष्टपणानं सुचलेलं नाही, त्यांनी आयुष्यभर तेच बघितलंय. तरी त्यांच्या म्हणण्यावर हे ठरवू नका. तुमच्या म्हणण्यावरही ठरवू नका. मामेसासऱ्यांना आजच फोन करा आणि सांगा, दोन दिवस थांबा. मग सासूबाईंना विचारा, एकट्यांना, जाऊबाई आणि शेजारणी नसताना. सगळ्यांसमोर विचारलंत तर त्या "मला आता काय करायचंय रंग, आणा काहीही" असं म्हणणार. तसं म्हणणं त्यांना भागच आहे. रात्री पाय चेपताना विचारा. मुलीलाच विचारायला सांगितलंत तर आणखी बरं, आज्या नातींना खरं सांगतात. आणि नातीला यायला एक कारणही मिळेल.

त्या कुठलाही रंग सांगतील. हिरवा सांगितला तर हिरवी, जांभळा सांगितला तर जांभळी, आणि त्यांनी मनापासून पांढरी मागितली तर पांढरी. मामेसासऱ्यांना सुती इरकल आणायला सांगा, रेशीम नको, म्हणजे ती घडी मोडून रोज नेसली जाईल. बाराव्याला ती नेसवताना कुणी काही बोललंच, तर ह्या वेळी उत्तर तुम्ही द्या, मुलीवर सोडू नका.